काकूंची भट्टी

ताटात वाढलेल्या प्रत्येक पदार्थाची काकू आधी चौकशी करायच्या. हिरवी मिरची उचलून तिला विचारायच्या, "तू कुठची वं?" आणि तिच्या वतीनं स्वतःच सांगायच्या, "समुद्रापलीकडची." बटाट्याला हाच प्रश्न, शेंगदाण्याला हाच, पेरूला हाच. ज्वारीच्या भाकरीपाशी आल्या की जरा थांबायच्या. "तू बी बाहेरचीच, असं तो व्याख्यानवाला मानूस म्हणे. पण लई जुनी झाली तू. आता घरचीच." एवढं झालं की जेवायला सुरुवात. समोर बसलेल्या मला हसू आवरत नसे. ते त्यांना दिसायचं, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मलकापूरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नेमणुकीचा कागद फिरत फिरत अमडापूरला आमच्या घरी आला आणि आईनं तो देवापुढे ठेवला. वडील नव्हते, धाकटी भावंडं होती. एकट्या मुलीनं मलकापुरात राहायचं कुठं, हाच काय तो प्रश्न होता. मुख्य बाई म्हणाल्या, "एक विधवा बाई आहेत. घर त्यांच्या दिरांचं आहे, ते गावाकडे शेती बघतात. बाई एकट्याच राहतात. जरा तऱ्हेवाईक आहेत. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल.

ट्रंक घेऊन पोचले तर काकू पडवीत बसून पुस्तक वाचत होत्या. अंगावर लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि हातातलं पुस्तक उलटं. मला वाटलं, वाचता येत नसेल बिचारीला. मी नमस्कार केला आणि हळूच पुस्तक सरळ करून त्यांच्या हातात दिलं.

"काऊन फिरवलं वं?" त्या म्हणाल्या. "आता मले काही दिसत नाही."

नवव्या वर्षी त्या लग्न होऊन या घरात आल्या. धाकटा दीर तेव्हा सात वर्षांचा. त्याला शिकवायला गुरुजी यायचे. दीर आणि गुरुजी एका बाजूला बसत, आणि काकू तांदूळ निवडत समोर बसत. पाटीवरची अक्षरं त्यांना उलटी दिसायची. तशीच त्या ती शिकल्या. चौदाव्या वर्षी नवरा गेला, केस गेले, एक वेळचं जेवण आणि एकादश्या मागे लागल्या. उलटं वाचणं तेवढं राहिलं. "सगळं उलटंच शिकली मी," त्या म्हणायच्या, "पण शिकली तर खरं."

त्यांच्या आणखी सवयी सांगायच्या तर खूप आहेत. चालताना त्या नेहमी रस्त्याच्या मधून चालत, कडेनं चालायला सांगितलं की म्हणत, "कडेकडेनं लई चालली." पाहुण्याला "बसा" म्हणण्याआधी "काय वाचलं?" म्हणून विचारत. दूधवाल्यालाही विचारत. तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून येताना वाटेवरच्या पाट्या वाचत येऊ लागला आणि दारात उभा राहून त्या म्हणून दाखवू लागला.

गावातल्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी एक तास बायकांसाठी असे. काकू तो चुकवत नसत. त्यांचं उलटं पुस्तक बघून नव्या बायका हसत. जुन्यांना सवय झाली होती.

त्या वाचनालयातच ते व्याख्यान झालं. नागपूरकडचे कोणी प्राध्यापक आले होते. विषय होता आपल्या अन्नाचा इतिहास. पुरुष आत बसले आणि आम्ही बायका बाहेर ओट्यावर, खिडकीला कान लावून. प्राध्यापक सांगत होते की मिरची ही आपली नव्हेच, फिरंग्यांच्या जहाजातून ती चारेकशे वर्षांखाली आली. हे ऐकून आत एकच गलका झाला. कोणीतरी ओरडलं, "मग आमचे पूर्वज जेवत काय होते साहेब?" प्राध्यापक हसले आणि पुढे सांगू लागले. बटाटा तिकडचा. शेंगदाणा तिकडचा. साबुदाणा आणखी कुठून आलेला. पाव तर फिरंग्यांचाच, आणि तो खाल्ला म्हणून माणसं जातीबाहेर गेलेली. भट्टीत भाजायची रीत आपल्या मुलखात नव्हती, म्हणाले.

काकू उठून उभ्या राहिल्या. खिडकीच्या गजांना धरून म्हणाल्या, "अन् रोडगे काय उकडता का साहेब तुम्ही?"

आत सगळे वळले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाहीत? प्राध्यापक भले होते. त्यांनी हात जोडले. "बाई, चुकलो. रोडगे राहिलेच."

"आणखी एक विचारतो," काकू म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. "बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा, मिरची, हे सगळं परमुलखातलं?"

"हो."

"हे तर माहं उपवासाचं ताट हाय."

आत कोणी हसलं नाही. काकूच हसल्या. ओट्यावर बसून त्या इतक्या हसल्या की मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. घरी येतानाही मधेच थांबून हसत होत्या. दारात पोचल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "तीस-पस्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "कोणतं पवित्र अन् कोणतं नाही, हे मले दुसऱ्यायनं सांगतलं. त्यायलेच माहीत नव्हतं. आता एक तरी वस्तू मी ठरवून खाईन."

"कोणती?"

"पाव. कधी चव पाह्यली नाही मी."

विकतचा आणला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण काकूंना तो स्वतः भाजायचा होता. परसात त्यांनी रानातली काळी माती आणून भट्टी उभी केली. दोन दिवसांनी वाळली आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. दुसरी केली, तिलाही पडल्या. तेव्हा वीटभट्टीवर काम करणारी गवरा मागच्या दारानं सरपण द्यायला यायची. गावाबाहेरच्या वस्तीत राहायची ती. तिला मागच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तिनं कुंपणावरून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काळी माती हाय ते काकू. कापसाच्या पऱ्हाटीले चांगली. आगीले नाही."

"मग तू सांग."

"सांगून नाही होत. आत या लागते."

काकूंनी मागचं दार सताड उघडलं. गवरा आत आली. गावाच्या पांढरीची, घरं बांधायची माती, बारीक भुसा आणि घोड्याची लीद कालवून तिनं चार दिवसांत अशी घुमटासारखी भट्टी बांधली की मी शाळेतून आले की आधी तिच्याकडेच बघायची. शेजारच्या बायका मात्र आमच्या विहिरीवर यायच्या थांबल्या.

पाव फुगवणाऱ्या खमिराची तऱ्हा वेगळी. स्टेशनापाशी भट्टीवाले म्हातारे चाचा होते. गाडीतल्या उतारूंना ते पाव विकत. काकू दुपारी भररस्त्यानं त्यांच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या, मी मागे. आलवण नेसलेली बाई दुकानावर बघून चाचा घाईनं उठले.

"खमीर पाहिजे," काकू म्हणाल्या.

"बाई, मैं दूँ तो आप लेंगी?" चाचांनी विचारलं. प्रश्न सरळ होता. काकूंचीही तेवढी तयारी त्या दिवशी नव्हती, आणि त्यांनी ती लपवली नाही.

"आज नाही घेववत, चाचा. खोटं काऊन बोलू? तुम्ही करायचं कसं ते सांगा."

चाचांना राग आला नाही. चण्याची डाळ किती वेळ भिजवायची, बडीशेप किती, दही किती, मडकं कशात गुंडाळायचं, सगळं त्यांनी सांगितलं. "रोज खिलाना पडता है उसको. भूल गये तो मर जाता है."

काकू विसरल्या नाहीत. मडकं घोंगडीत गुंडाळून त्या सकाळ-संध्याकाळ त्याची विचारपूस करत. तरी पहिले पाव दगड झाले. दुसरे वरून कोळसा आणि आतून लगदा. भट्टीची आच कळायची कशी, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली. भट्टीच्या तोंडाशी हात आत धरायचा आणि बाराखडी म्हणायची. क, का, कि, की. "कू"लाच हात मागे आला तर आच जास्त. "कः" होऊनही हात आरामात राहिला तर कमी. "कं"ला चटका बसला की भट्टी तयार. मी शाळेत पोरींना जी बाराखडी घोकून घ्यायची ती घरी आल्यावर धुरात ऐकू यायची.

सातव्या खेपेला पाव फुगले. भट्टीतून बाहेर काढले तर वास पार रस्त्यापर्यंत गेला. काकूंनी एक फोडला, त्यातली वाफ बघितली आणि एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चघळला.

"कसा आहे, काकू?"

"साधाच हाय वं," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी लोकं जातीबाहेर काढले?" आणि डोळे पुसून दुसरा तुकडा घेतला.

तो वास दिरांपर्यंतही गेला. आठवड्याभरात ते गावाकडून आले. माणूस वाईट नव्हता. दर सुगीला धान्य आणून टाकायचे, काकूंची चौकशी करायचे. पडवीत उभे राहून त्यांनी परसाकडे बघितलं.

"वहिनी, हे काय चालवलं तुम्ही? मागच्या दारानं कोण येऊन राह्यलं, मुसलमानाच्या दुकानावर कोण जाऊन राह्यलं, सारं गाव बोलते. मले पंगतीत बसू देत नाहीत."

"भावजी, आधी बसा तर."

"बसत नाही. भट्टी पाडा, नाही तर..."

ते थांबले. काकूंनी वाट बघितली. "नाही तर काय? बोला."

"नाही तर हे घर सोडा."

मी दाराआड उभी होते. काकू रडतील, निदान भांडतील असं मला वाटलं. त्या आत गेल्या. दोन आलवणं, एक तांब्या, चार पुस्तकं आणि ते घोंगडीत गुंडाळलेलं मडकं घेऊन बाहेर आल्या. "घर तुमचंच हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "मडकं माहं हाय." दिरांनी वर बघितलं नाही. रस्त्याच्या मधून काकू चालत गेल्या.

मी त्यांच्याबरोबर गेले नाही, हे मला इथं लिहिलं पाहिजे. त्या संध्याकाळी मुख्य बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं की शिक्षिकेनं कोणाच्या संगतीत राहावं याचा विचार करावा. घरी आई होती, भावंडं होती. मी त्या घरात आठ दिवस राहिले. भट्टी विझलेली, परसात चिटपाखरू नाही. नवव्या दिवशी मी ट्रंक उचलली.

काकू गावाच्या टोकाला, वीटभट्टीच्या वाटेवर एका रिकाम्या पत्र्याच्या खोलीत राहत होत्या. कधीकाळी तिथं कापूस भरत. बाहेर गवरा नव्या भट्टीचा घुमट लिंपत होती आणि काकू तिला माती कालवून देत होत्या. कोपरापर्यंत हात बरबटलेले. मी काही बोलायच्या आत त्याच बोलल्या.

"आली का? पीठ मळाले कोणी नव्हतं."

मुख्य बाईंनी मला पुन्हा बोलावलं. मी सांगितलं की माझा वर्ग परीक्षेत पहिला आला आहे आणि मी तिथंच राहणार आहे. त्या म्हणाल्या, "जा वर्गावर." तो विषय पुन्हा निघाला नाही.

पुढची वर्षं चांगली गेली. दवाखान्यातले डॉक्टर तापातून उठलेल्यांना दूध-पाव द्यायला सांगत, आणि ताजा पाव मिळण्याचं ठिकाण आता गावातच होतं. काकू ज्वारीचे खारे टोस्ट करू लागल्या. दुसरबीडपर्यंतचे गाडीवान ते फडक्यात बांधून नेत. एक दिवस चाचांकडचं खमीर बिघडलं तेव्हा ते स्वतः मडकं घेऊन आले. काकूंनी आपल्यातलं अर्धं त्यांना काढून दिलं, आणि पुढल्या खेपेला त्यांचं स्वतः घेतलं. पुढे पुढे केसही त्यांनी वाढू दिले. ते पांढरेशुभ्र आले. आरशात बघून म्हणाल्या, "अरे, हे तर कापसाचं बोंड झालं." माझी बदली झाली तेव्हा त्यांनी मला एक पत्र दिलं, वाटेत वाचायला. सगळी अक्षरं सुरेख होती. फक्त ओळी खालून वर लिहिलेल्या होत्या.

पण काकू म्हटलं की मला त्या खोलीतली दुसरी दिवाळी आठवते.

नानकटाई तेव्हा गावात सगळ्यांना हवी असायची, आणि ती घरच्या चुलीवर होत नाही. सोवळं पाळणाऱ्या घरांतल्या बायका चाचांच्या भट्टीवर जाणार नाहीत. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की काकू बाटलेल्या कशा? ब्राह्मणाची विधवा, एक वेळ जेवणारी, अंगावर आलवण. पाव भाजते ते सोडून दिलं तर तिच्या भट्टीएवढी सोवळ्याची भट्टी साऱ्या वऱ्हाडात नाही! धनत्रयोदशीच्या सकाळी आमच्या दारात रांग लागली. ज्या बायका आमच्या जुन्या घरच्या विहिरीवर येईनाशा झाल्या होत्या त्या पीठ, तूप, साखर मळून, भाजायचे पत्रे भरून आल्या होत्या. सगळ्यात पुढे वकिलीणबाई होत्या. गावातल्या मोठ्या वकिलांच्या पत्नी, हळदीकुंकवाला पहिला मान त्यांचा. "काकू," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आमच्याच. मधलं सगळं आम्ही विसरलो."

काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना कोणी "आमच्या" म्हटलं नव्हतं. त्यांनी हात भट्टीत धरला, बाराखडी म्हटली. "कं"ला हात मागे घेतला. भट्टी तयार होती.

तेवढ्यात गवरा आली. डोक्यावर तिचाही पत्रा होता. ज्वारीचं पीठ, गूळ आणि थोडं तेल, वर बोटांनी काढलेली नक्षी. ती रांगेच्या शेवटी गेली नाही. सरळ पुढे आली.

वकिलीणबाईंनी पदर सावरला. "हिचं वेगळं होईल ना, काकू? आमचं सगळं झाल्यावर? नाही तर भट्टी बाटेल."

गवरानं पत्रा डोक्यावरून उतरवला. "भट्टी माह्या हातची हाय बाई," ती म्हणाली. "तिची माती मी तुडवली. तवा नाही बाटली ते?"

सगळ्या काकूंकडे बघत होत्या. मीही. पिठाचा हात पोटाशी धरून त्या उभ्या होत्या, आणि मला भीती वाटली. आता कुठं मिळालेलं सगळं एका शब्दात जाणार होतं, आणि तो शब्द त्यांनाच बोलायचा होता.

त्यांनी गवराचा पत्रा घेतला आणि पहिला आत सारला. मग वकिलीणबाईंच्या पत्र्यासाठी हात पुढे केला. "द्या. दोन्ही शेजारी शेजारी बसतात."

"म्हणजे आमचं तिच्याबरोबर?"

"हाव. माह्या भट्टीले एकच तोंड हाय बाई. सगळं त्यातूनच आत जाते."

वकिलीणबाई वळल्या. त्यांच्यामागे पाच-सहा जणी वळल्या. मग आणखी. अर्ध्याहून जास्त रांग धूळ उडवत गावाकडे निघाली. राहिल्या त्या घाबरलेल्या, एकमेकींच्या तोंडाकडे बघणाऱ्या. पण राहिल्या. काकूंनी पाठमोऱ्या बायकांकडे एकदाही बघितलं नाही. पत्रे घेतले, सारले, काढले. गवरा आच सांभाळत होती. मी नानकटाया सुपात मोकळ्या करत होते. वास पत्र्याच्या खोलीत मावेना. तो वीटभट्टीकडे गेला, रेल्वेच्या लाइनीकडे गेला, वाऱ्याबरोबर गावात शिरला.

तासाभरानं मी मान वर केली. उन्हातून वकिलीणबाई परत येत होत्या. एकट्या. पत्रा त्यांनी स्वतः धरला होता, आणि कडेनं तूप वितळून त्यांच्या मनगटावर ओघळलं होतं. घरी सासरे-दीर, पोरंबाळं, उद्यावर आलेला सण, आणि चुलीवर न होणारी नानकटाई. त्या दारापासून चार पावलांवर थांबल्या.

"काकू," त्या हळू म्हणाल्या, "भट्टी गरम आहे का अजून?"

"हाव," काकू म्हणाल्या. गवरा तेव्हा आपला दुसरा पत्रा घेऊन उभी होती. काकूंनी तिच्याकडे बोट केलं. "या ना. गवराच्या मागं उभ्या राहा."

वकिलीणबाईंनी इकडेतिकडे बघितलं. मग पत्रा नीट धरला आणि गवराच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.